खुडूक कोंबडीला खरवस

आमची गाय व्याली त्या आठवड्यात वस्तीवरच्या बायका मला येताना बघून दार लोटून घेत होत्या. दोष माझा नव्हता, माझ्या हातातल्या पातेल्याचा होता. पातेल्यात खरवस.

बाहेरच्यांना हे खरं वाटायचं नाही. पण लासुर्ण्याच्या अलीकडं, कालव्याच्या कडेला आमची जी दहा-बारा घरांची वस्ती आहे, तिथं प्रत्येकाच्या दारात दोन-चार जर्सी गाई, आणि दर महिन्याला कुणाची तरी व्यालेलीच. व्यालेल्या गाईचं पहिल्या दिवसांचं दूध डेअरी घेत नाही. वासराला पाजून पाजून किती पाजणार? जास्त झालं तर त्यालाच हगवण लागते. मग उरतो बादलीभर चीक. आणि चीक टाकायचा नाही, मातीत सांडायचा नाही, कुणाच्या पायाखाली येऊ द्यायचा नाही, नाहीतर गाय आटते, असं माझ्या सासूबाईंनी मला सांगितलेलं. त्यांनी सांगितलेल्या ढीगभर गोष्टींतल्या ज्या थोड्याफार मी पाळल्या, त्यातली ही एक. तेवढी एक मोडली असती तरी चाललं असतं.

त्याचा खरवस केला, वस्तीवर वाटून झाला. उरला तो मालकांना देता येईना, त्यांना साखरेचा आजार. मुलगा एक वाटी खाऊन पळाला. सून म्हणाली, बघूनच पोट भरलं. मग मी तो कोंबड्यांना घातला, आणि त्यातही अंड्यांवर बसलेल्या कोंबडीला घातला. पुढं जे झालं त्याबद्दल सून मला एकदाच बोलली. एकदाच बोललेलं माणसाला फार दिवस पुरतं.

कोंबड्या सुनेच्या. त्यातल्या चार मागाहून आठवडी बाजारातून आणलेल्या, त्यांचं काही नाही. पाचवी तिच्या आईची. सुनेचं माहेर डाळजला. तिची आई गेल्या पावसाळ्यात गेली. दिवाळीनंतर भावानं जुनं घर पाडून नवं बांधायला काढलं, त्यात खुराडं मोडलं, कोंबड्या कुणी नेल्या, कुणी खाल्ल्या. एक राहिली. तांबडी, मानेवर काळे पट्टे, एका पायाचं बोट वाकडं. त्या बाईनं हातानं दाणे घातलेलं, मागं उरलेलं असं ते एकच जितराब. सून ती पाटीत घालून, वरून टॉवेल बांधून, मोटारसायकलवर नवऱ्याच्या मागं मांडीत धरून घेऊन आली. आणि घरात न येता ओट्याखाली उभी राहून मला म्हणाली, "आत्या, राहू दे का हिला?"

आमच्याकडं सून सासूला आत्याच म्हणते. पण एवढं विचारून काही ठेवायची तिला गरज नव्हती. घर तिचंही आहे, वीस वर्षं झाली. विचारायचं कारण मी.

मी बारामतीची. आता हे काय सांगायचं, इथून उठून माणूस बारामतीला दाढी करून येतो. पण लग्न होऊन इकडं आले तेव्हा ते अंतर मी सातासमुद्राएवढं धरलं होतं. आमच्या घराजवळून एसटीच्या गाड्या जायच्या, तेवढ्या जोरावर ही बया स्वतःला शहरची समजत होती. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी खुराड्यातली अंडी काढून आण म्हटलं, तर ही हाताला कापडी पिशवी गुंडाळून गेली. कोंबडीनं एक डोळा वटारला, ही पिशवी टाकून पळाली. वर तोंड करून सांगते काय, तर आमच्या बारामतीत अंडी दुकानात मिळतात. जशी काही ती दुकानदारानं घातलेली. पुढं ओटा घाण होतो, पायाला लागतं, वास येतो, असं करून करून तिनं सासूबाईंना एवढं पिडलं की त्या बाईनं एके दिवशी सगळ्या कोंबड्या वाटून टाकल्या. तेव्हापासून आमच्या दारात कोंबडी नव्हती. त्याच बयेनं एका नागपंचमीला वारुळापाशी ठेवलेली दुधाची वाटी संध्याकाळी रिकामी बघितली आणि वस्तीभर सांगत सुटली, नागोबा माझ्या हातचं दूध पिऊन गेला. शेजारणीचं मांजर त्या दिवशी मिशा चाटत हिंडत होतं, ते तिला दिसलं नाही. दुधावर तिचा भारी भरवसा. ताप आला, दूध. झोप येईना, दूध. पोरगं दहावीला बसलं, दूध. ती पोरगी कधीच म्हातारी होऊन गेली असं मी धरून चालले होते. ती कुठली जातेय?

सुनेच्या लग्नानंतर तिची आई पहिल्यांदा लेकीकडं आली, तेव्हा पाटीत कोंबडा-कोंबडीची जोडी घेऊन आली होती. लेकीच्या दारात आपल्याकडचं काहीतरी चालतंबोलतं असावं म्हणून. मी चहा दिला, पोहे दिले, आणि जाताना पाटी परत दिली. "आमच्यात पाळत न्हाईत." बाईनं पदराची चुंबळ केली. पाटी डोक्यावर घेऊन एसटीपर्यंत चालत गेली. सून दारात उभी होती. म्हणून वीस वर्षांनी ती ओट्याखाली उभी राहून विचारत होती.

राहू दे म्हटलं. आणि आपला मोठेपणा राखायला म्हटलं, चार दिवस.

चार दिवसांत माझंच बिघडलं. म्हातारपणी हाकेला कोण येतं? नातू पुण्याला शिकायला; फोन केला की "आजी, नंतर करतो" म्हणतो, आणि त्याचं नंतर मी अजून बघितलेलं नाही. मालकांना कमी ऐकू येतं, आणि जे ऐकू येतं तेही आलं नाही म्हणतात. ही कोंबडी मात्र सुनेनं नुसतं "ती-ती-ती" केलं की कुठूनही, पंख पसरून, पडत-झडत, तोल जाऊन येते. ते वाकडं बोट असं मजेशीर पडतं. मी सुनेपेक्षा गोड आवाजात हाक मारून बघितली. मान तिरकी करून बघायची आणि परत उकिरड्यात. मला हे लागलं. एका कोंबडीनं आपल्याला कुणी समजू नये, हे कुणाला सांगायचं तरी कसं? ज्वारी घालून बघितली, बाजरी घातली. खायची आणि चालू पडायची, म्हणजे हॉटेलात जेवल्यासारखं.

माघात ती खुडूक झाली. पिसं फुगवून, घशात गुरगुर करत कोपरा धरायला लागली. शेजारणीचा कोंबडा आमच्या दारात हिंडायचाच; सुनेनं तिचीच जपून ठेवलेली अकरा अंडी, विषमच ठेवतात, कडब्याच्या कुट्टीच्या शेडमध्ये पाटीत उसाचं पाचट घालून तिच्याखाली ठेवली. त्या दिवशी मी सुनेला कितीतरी महिन्यांनी गुणगुणताना ऐकलं. भावाचं घर तयार व्हायला आलं होतं. त्याच्या नव्या दारात आईच्या कोंबडीची दोन पिल्लं सोडायची, बाकीची इथं वाढवायची, असं भाऊ-बहिणीचं फोनवर ठरलेलं. मला तिनं बजावून सांगितलं की बसलेली कोंबडी दिवसातून एकदाच उठते, खाते, पाणी पिते, घाण टाकते आणि अंडी गार व्हायच्या आत परत जाते. तेवढ्या वेळात तिला ज्वारी आणि पाणी. दुसरं काही नको. मी म्हटलं, मला नको शिकवू, माझ्या माहेरी कोंबड्या खरवस खायच्या. माझ्या माहेरी कोंबड्याच नव्हत्या. माझ्या तोंडून असं का निघतं ते मला अजून कळलेलं नाही.

नेमकी त्याच दिवसांत गाय व्याली.

पहिल्या दिवशी कोंबडी दुपारची उठून बाहेर आली, तेव्हा सून मळ्यात होती. मी पायरीवर वाटी घेऊन बसले होते. खरवसाचा बारीक चुरा केला, गूळ-वेलदोड्याचा वास सुटलेला. हाक मारली. तिनं मान तिरकी केली. मग आली. एक कण टोचला, थांबली, विचार केल्यासारखं केलं आणि नंतर चोच वर निघेना. खाताना माझ्या चपलेवर पाय देऊन उभी राहिली. ते ओझं किती, चार लिंबांएवढं. मी हलले नाही.

दुसऱ्या दिवशी हाक मारायच्या आधीच माझ्यापाशी आली. मग काय विचारता. खरवस संपला तसं दुधात कुस्करलेली भाकरी, मग साय, मग तूप कढवलं त्याची बेरी, वर चिमूटभर साखर. मालक बाजेवरून सगळं बघत होते. "कोंबडीला बेरी आन मला बिनसाखरेचा च्या," म्हणाले. "फुडच्या जन्मी अंडी घालीन म्हनतो." मी म्हटलं, या जन्मी तर काही घातलं नाहीत. माझं त्या दिवसांत भलतंच चालत होतं. आणि मनात एक गोष्ट होती जी तेव्हाही मला दिसत होती, म्हणजे मला कळलं नाही असं म्हणायची सोय नाही: सून मळ्यातून यायच्या आत मी वाटी धुऊन ठेवत होते. लपवत नव्हते. धुऊन ठेवत होते. फरक तुम्हीच काढा.

पाचव्या-सहाव्या दिवशी कोंबडी उठली ती पाटीतच घाण करून. बसलेली कोंबडी असं करत नाही. ती दाबून धरते आणि बाहेर येऊन टाकते. शेपटीखालची पिसं चिकटून गेलेली, पाचट ओलं, अंड्यांना पिवळट पांढरं लागलेलं. सून सकाळी शेडमध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी बघायला गेले, तर ती उकिडवी बसून एकेक अंडं हातात घेऊन बघत होती, जसं काही त्यांना विचारत होती. कोंबडी बाजूला, भिंतीशी, अंग फुगवून, डोळे मिटून. पाटीकडं पाठ.

सुनेला पहिली भीती मानमोडीची. ती आली की खुराडं रिकामं होतं, वस्तीवर सगळ्यांनी बघितलंय. तिनं घाईनं बाजारातल्या चारही कोंबड्या लांब कोंडल्या आणि दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला; आमच्या गाईंना बघायला इंदापूरकडून येतात त्याच, तरणी पोरगी आहे. फोन मोठ्या आवाजावर होता. मान वाकडी पडतेय का, श्वास कसा आहे, असं एकेक विचारत विचारत बाई शेवटी खायला काय असतं यावर आल्या. सून म्हणाली, ज्वारी, पाणी. आणखी काही? सून म्हणाली, न्हाई. मी बोलणारच होते, खरंच बोलणार होते, पण माझ्याआधी बाजेवरून ज्यांना कमी ऐकू येतं ते म्हणाले, "खरवसाचं बी सांगा की."

सुनेनं माझ्याकडं बघितलं. मग फोन माझ्यापुढं धरला.

मी सगळं सांगितलं. खरवस, भाकरी, साय, बेरी, साखर. सांगताना ती एखाद्या लग्नाच्या पंगतीची यादी वाटायला लागली. बाई हसल्या नाहीत, ते बरं केलं. त्यांनी समजावून सांगितलं की दूध पचवायला पोटात जे लागतं ते पाखराच्या पोटात जवळपास नसतंच, ते दूध पिऊन वाढणारं जनावर नव्हे. दूध आत जाऊन नुसतं वाहतं. दह्या-ताकाचं वेगळं, विरजणानं निम्मं काम आधीच केलेलं असतं, म्हणून चमचाभर ताक कधीमधी, उन्हाळ्यात, घातलं तर बिघडत नाही, थोडा फायदाही असेल. पण त्यानं अंडी वाढत नाहीत, कवच घट्ट व्हायला शिंपल्यांचा चुरा पुरतो. गुळाचा खरवस आणि साय कुणालाच नको. "आणि आजी, बसलेल्या कोंबडीला तर अजिबातच नाही." मानमोडी वाटत नाही म्हणाल्या, पण वेगळी ठेवा. पाण्यात जुलाबावरची पावडर, मऊ भात. पाचट बदला, अंडी कोरड्या फडक्यानं पुसा, पाण्यानं धुवू नका. ती परत बसली तर बसली.

वासराला जास्त पाजलं की हगवण लागते हे जिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं, तिला हे सुचू नये. मी फोनपाशी उभी होते आणि मला बारामतीची ती पोरगी दिसत होती, रिकामी वाटी घेऊन वस्तीभर सांगत फिरणारी.

कोंबडी बसेना. सुनेनं नवं पाचट घातलं, अंडी पुसून ठेवली, तिला उचलून पाटीत ठेवलं. ती उतरून परत भिंतीशी. अंडी गार व्हायला लागली. बल्ब लावून ऊब द्यावी म्हटलं तर घरातले सगळे बल्ब ते नवे पांढरे, त्यांना हात लावला तरी गारच. जुना पिवळा, तापणारा बल्ब वस्तीवर कुणाकडं निघेना. मुलगा ऊस घेऊन कारखान्यावर गेलेला, त्याला फोन करून सांगितलं. तोवर काय? मग मला माझी रबरी पिशवी आठवली, गुडघे शेकायची. कोमट पाणी भरलं, अंगणात उन्हाला बसले, मांडीवर पिशवी, पिशवीवर दुपटं, त्यात अकरा अंडी, वरून पदर. सून थोड्या थोड्या वेळानं एक अंडं उचलून डोळ्याच्या पापणीला लावून बघायची. पापणीला चटका नको आणि गारही नको. ही रीत मी कधी बघितली नव्हती. "आई अशी बघायची," एवढंच म्हणाली.

रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून चालले होते. ड्रायव्हर लोक मान वळवून बघत होते. मालक आले, पुढून बघितलं, बाजूनं बघितलं. "म्हातारी खुडूक झाली," म्हणाले, आणि मग सुनेचं तोंड बघून गप आत गेले. मी अंड्यांवरचा पदर सारखा केला. लग्नाला एवढी वर्षं झाली, त्यांच्यावर शेवटचा शब्द माझा नाही असं क्वचितच झालं असेल.

ऊन कलतीला आलं तेव्हा सून माझ्या शेजारी बसली. पदराची कड उचलून तिनं अंडी बघितली. मग ती मान वर न करता म्हणाली, "आत्या, तुमाला कोंबड्या नको हुत्या तर तसं सांगायचं हुतं. मी डाळजला सोडून आले असते. तुमी एकदा सांगितल्यावर मी दुसऱ्यांदा कधी विचारलंय का?"

आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. रागाला उत्तर देता येतं. ती खरंच असं समजत होती. तिच्या आईची पाटी मी परत दिली होती. आता आईची कोंबडी. एकाखाली एक ठेवलं की सरळ बेरीज होत होती, आणि ती बेरीज मीच मांडून दिलेली.

"तसं न्हाय गं," मी म्हटलं. "ती तुझ्या हाकेला येती. माझ्या येईना. म्हून घातलं."

तिनं माझ्याकडं बघितलं. एवढंच? असं तिच्या तोंडावर होतं. आणि मला वाटतं ते वाईटाहून वाईट होतं, कारण वाईट मनानं केलं असतं तर त्याला निदान काही वजन असतं. कोंबडीनं मला ओळखावं म्हणून मी सुनेची आई दुसऱ्यांदा घालवायला निघाले होते.

मग सून आपणहून बोलायला लागली. आईही ताक घालायची कोंबड्यांना, म्हणाली. चैत्र-वैशाखात, मातीच्या परळात पाणी आणि त्यात नुसतं पांढुरकं दिसेल एवढं ताक, तेही लोणी काढलेलं. खुडूक कोंबडीच्या वाटेला मात्र आई परळ ठेवायचीच नाही, उचलून ठेवायची. कोंबडीला कुठल्या वेळी कुठं पाणी, कुठल्या कोपऱ्यात सावली, सगळं ठरलेलं. कोंबड्यांना नावं नव्हती पण प्रत्येकीला वेगळी शिवी होती. या तांबडीला ती लंगडे भवाने म्हणायची. हे सांगताना सून हसली आणि हसतच रडायला लागली, आणि मला तिला जवळ घेता येईना, कारण मांडीवर अकरा अंडी.  बाई जाऊन सहा-सात महिने झाले होते, दिवस घालायला मी स्वतः डाळजला गेले होते, भाताची पंगत वाढली होती, पातळाचा आहेर केला होता. पण तुझी आई कशी होती गं, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. ते मला समजलं तेही एका कोंबडीला जुलाब लागल्यावर.

अंधार पडायच्या आत मुलगा आला. वाटेवरच्या एका पोल्ट्रीवाल्याकडून त्यानं पिवळा बल्ब आणला होता. खोक्यात तुसं घालून अंडी त्याखाली ठेवली. माझे पाय इतके आखडले होते की मला दोघांनी धरून उठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोंबडीनं मऊ भात खाल्ला, पाणी प्यायली. मी शेडकडं फिरकले नाही. मला बघून तिला बेरीची आठवण व्हायची, ही भीती. सूनच सांगत आली की पाटीत अंडी ठेवल्या ठेवल्या ती आपणहून जाऊन बसली. चोचीनं एकेक अंडं पोटाखाली ओढून घेतलं. 

पुढचे दिवस मी मोजले नाहीत, मला ते मोजवेनात. पिल्लं फुटायच्या सुमाराला एका अंड्याचा शेडभर वास सुटला. सुनेनं ते आणि आणखी दोन काढून लांब पुरली. बाकीची कानाला लावून बघत होती. अकरांतली चार फुटली. सात नाही. घाण लागून नासली, का त्या दुपारी गार पडली, का मुळातच पोकळ होती, ते कुणाला सांगता येणार? सून म्हणाली, कधी कधी येवढीच निघत्यात. तिनं हे माझ्यासाठी म्हटलं, हे मला कळलं, आणि तिला मला कळल्याचं कळलं. दोघींनी तो विषय तिथंच ठेवला. मी मात्र सात हा आकडा कुठं ठेवू ते मला अजून सुचलेलं नाही. पिल्लं बघायला गेले तर तांबडी अंगावरच आली, पायाला टोचलं, रक्त काढलं. बरोबरच होतं तिचं.

वैशाखात भावाचं घर झालं. वास्तुशांतीचं बोलवायला तो आला, तेव्हा पिल्लं चांगली अंगात भरली होती. तीन तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, आणि एक कोंबडा. सुनेनं दोन तलंगा पाटीत घातल्या, वर टॉवेल बांधला. मी ओट्यावर बसले होते. तो माझ्या पाया पडला. साधा माणूस आहे, बोलताना खाली बघतो.

"आत्या, लई उपकार झालं," म्हणाला. "ताई सांगत हुती, तुमी अंडी मांडीवर घिऊन उबवली म्हनं. दुसरं कोन करतंय असं? आईचं कायतरी दारात ऱ्हाईलं."

मी सुनेकडं बघितलं. ती चहाची किटली घेऊन दारात उभी होती. तिनं भावाला तेवढंच सांगितलं होतं. खोटं काही नव्हतं त्यात.

मी म्हटलं, "आरं, माज्यामुळंच गार पडली ती. दूध घालून घालून मीच कोंबडी आजारी पाडली. न्हाईतर आज पाटी भरून न्हेली असतीस."

तो मोठ्यांदा हसला. मालकही हसले. वस्तीवर, पाहुण्यांत, सगळीकडं माझी ख्याती तीच; म्हातारी काहीतरी वाकडं बोलणारच. "आत्या, तुमी बी लई हाय," म्हणाला आणि डोळे पुसले. मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं. खरं आहे, थट्टा नाही, असं सांगितलं असतं तर तो आणखी हसला असता.

सून हसली नाही. पुढं आली, भावाच्या रिकाम्या कपात आणखी चहा ओतला, आणि मग, न विचारता, माझ्याही.